आधी मोजमाप, मग उपचार

शहरांतील त्वचारोग आणि सौंदर्योपचार केंद्रांच्या जाहिरातींत गेल्या काही वर्षांपासून एक नवा शब्द झळकू लागला आहे : ‘एक्सोसोम’. केस गळणे थांबवण्यापासून सुरकुत्या घालवण्यापर्यंत आणि झिजलेल्या गुडघ्यापासून मेंदूच्या विकारांपर्यंत कशावरही तो उतारा म्हणून सांगितला जातो. याच शब्दाबाबत फेब्रुवारी २०२४ मध्ये या विषयातील संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक विस्तृत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि तीत नेमका उलटा सूर लावला. नमुन्यातील कण पेशीच्या कोणत्या भागातून बाहेर पडले हे दाखवता येत नसेल, तर ‘एक्सोसोम’ हा शब्द वापरू नये, असा सल्ला तिने संशोधकांना दिला.

ज्या वस्तूचे नाव घेताना तिचा आयुष्यभर अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कचरतात, ती वस्तू बाटलीत भरून सर्रास विकली जावी, हा विरोधाभास निव्वळ शब्दांचा नाही. विज्ञानाने एखादी गोष्ट मान्य केली असे केव्हा म्हणायचे, ते ठरवण्याचे निकष कोणी घालून द्यायचे आणि ते पाळले जातात की नाही हे कोणी पाहायचे, असे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. त्यांची उत्तरे सैल राहिली, तर त्याची किंमत प्रयोगशाळेत नव्हे, दवाखान्याच्या काउंटरवर मोजावी लागते. म्हणूनच वरकरणी रुक्ष वाटणाऱ्या या मार्गदर्शिकेकडे सामान्य वाचकानेही लक्ष द्यायला हवे.

‘धूळ’ ते दूत

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी आपल्याभोवतीच्या द्रवात अतिसूक्ष्म पिशव्या सोडत असते. मेदाच्या पातळ पडद्याने वेढलेल्या या पिशव्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांच्या पोटात आणि अंगावर मूळ पेशीतील प्रथिने, मेद आणि आरएनएचे तुकडे असतात. सर्वांत लहान पुटिका तीस-चाळीस नॅनोमीटरची, तर मोठ्या काही हजार नॅनोमीटरच्या. माणसाच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर असते हे लक्षात घेतले, की या विश्वाची कल्पना येते. रक्त, मूत्र, लाळ, दूध अशा सर्व द्रवांत त्या आढळतात.

त्यांचा शोध मात्र कचरा म्हणून लागला. १९६७ मध्ये पीटर वुल्फ या ब्रिटिश संशोधकाने प्लाझ्मात प्लेटलेटपासून सुटलेल्या बारीक कणांचे वर्णन केले आणि त्यांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटले. १९८३ मध्ये मॉन्ट्रियल आणि सेंट लुईस येथील दोन गटांना, पक्व होणाऱ्या लाल रक्तपेशी नको झालेली प्रथिने अशा पिशव्यांत भरून बाहेर टाकतात, असे दिसले. त्यांपैकी मॉन्ट्रियलच्या गटातील रोझ जॉनस्टोन यांच्या १९८७ च्या शोधनिबंधाने ‘एक्सोसोम’ हे नाव रूढ केले. तोवर समज हाच होता, की ही पेशीची केराची टोपली आहे.

चित्र पालटले ते पुढच्या दोन दशकांत. प्रतिकारसंस्थेतील ‘बी’ पेशींनी सोडलेल्या पुटिका ‘टी’ पेशींना उत्तेजित करू शकतात, असे १९९६ मध्ये दिसून आले. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की पुटिकांतून आरएनए एका पेशीतून दुसरीत जातो आणि तेथे कामही करू शकतो. केराची टोपली म्हणून दुर्लक्षित राहिलेली वस्तू एका रात्रीत टपालाची थैली ठरली. ही थैली उघडून कर्करोगाची वर्दी आधी मिळवता येईल आणि तिच्यात औषध भरून हव्या त्या पत्त्यावर धाडता येईल, या दोन शक्यतांनी जगभरच्या प्रयोगशाळांना भुरळ घातली. निधी आला, कंपन्या निघाल्या, शोधनिबंधांचा ओघ सुरू झाला. मोजमापाची साधने मात्र या वेगाने वाढली नाहीत.

गाळात नेमके काय आहे?

अडचण समजण्यासाठी पुटिका वेगळ्या कशा काढतात हे पाहावे लागेल. पेशी वाढवलेला द्रव किंवा प्लाझ्मा घेऊन तो अतिवेगाने फिरवणे ही जुनी पद्धत. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट जोर लावला, की तळाशी गाळ बसतो. या गाळाला अनेक वर्षे सरसकट ‘एक्सोसोम’ म्हटले गेले. त्यात पुटिका असतातच. पण त्याच जोराने खाली बसणारे प्रथिनांचे गोळे आणि रक्तातील मेद वाहून नेणारे लायपोप्रोटीनचे कणही असतात. बाजारात मिळणाऱ्या तयार ‘किट’मध्ये रसायन घालून कण खाली बसवतात. काम झटपट होते, पण सोबत येणारी भेसळ बरीच जास्त असते.

ही भेसळ क्षुल्लक नाही. प्लाझ्मात लायपोप्रोटीनच्या कणांची संख्या पुटिकांपेक्षा कित्येक हजार पटींनी अधिक असते आणि त्यांतील काहींचा आकार पुटिकांएवढाच असतो. प्रकाशकिरणांत कणांची हालचाल टिपून त्यांची संख्या आणि आकार सांगणारे यंत्र आज अनेक प्रयोगशाळांत आहे. परंतु समोरचा कण पुटिका आहे, लायपोप्रोटीन आहे की प्रथिनांची गुठळी, हे ते नेहमीच्या वापरात ओळखत नाही. ‘एका मिलिलिटरमध्ये इतके अब्ज एक्सोसोम’ असे आकडे जाहिरातींत दिसतात, त्यांतले बरेचसे अशाच मोजणीतून येऊ शकतात. तो आकडा कणांचा असतो. ते कण कसले, हे त्यावरून कळत नाही.

भेसळीच्या वाटा आणखीही आहेत. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना पोषणासाठी गाईच्या गर्भाच्या रक्तातील सीरम वापरतात. त्यात गाईच्या पुटिका असतात. त्या आधी काढल्या नाहीत, तर माणसाच्या पेशींचे म्हणून मोजलेले कण प्रत्यक्षात गाईचे असू शकतात. रक्त काढल्यावर नमुना किती वेळ ठेवला, कोणत्या नळीत ठेवला, गोठवण्यापूर्वी त्यातील प्लेटलेट नीट काढल्या का, यावरही हिशेब बदलतो. कारण राहिलेल्या प्लेटलेट गोठवण-वितळणीत स्वतःच पुटिका सोडतात. रोग्यांचे नमुने एका रुग्णालयात आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या ठिकाणी घेतले, तर दिसणारा फरक रोगाचा की हाताळणीचा, हे सांगणे कठीण होते.

नावाचा गोंधळ तर मुळातच आहे. पेशीच्या आत, एका कोठारात तयार होऊन बाहेर पडणारी पुटिका म्हणजे एक्सोसोम. पेशीच्या बाह्य आवरणालाच फुगा येऊन तो तुटला, तर ती एक्टोसोम. मरणाऱ्या पेशीचे तुकडे होतात ते आणखी वेगळे. या सर्वांचे आकार एकमेकांत मिसळतात, अंगावरची प्रथिनेही बरीचशी सारखी असतात. एकदा पेशीबाहेर पडल्यावर कोणाच्याही कपाळावर जन्मस्थान लिहिलेले नसते. शंभर नॅनोमीटरची पुटिका दिसली म्हणून तिला एक्सोसोम म्हणणे हे केवळ उंचीवरून एखाद्याचे गाव सांगण्यासारखे आहे.

तीन मार्गदर्शिका, एक आग्रह

या पार्श्वभूमीवर इंटरनॅशनल सोसायटी फॉर एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स ही संघटना उभी राहिली. २०१२ मध्ये गॉथेनबर्गला तिची पहिली वार्षिक परिषद झाली आणि त्याच वर्षी तिचे नियतकालिकही सुरू झाले. पेशीबाह्य पुटिकांच्या अभ्यासासाठी किमान आवश्यक माहिती कोणती, हे सांगणारी पहिली मार्गदर्शिका तिने २०१४ मध्ये काढली. ‘मायसेव्ह’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, पॅरिसच्या क्युरी संस्थेतील क्लोटिल्ड थेरी आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील केनेथ विटवर यांच्या पुढाकाराने तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्या लेखकांची संख्या साडेतीनशेच्या वर होती. तिसरी आवृत्ती नावाने २०२३ ची असली, तरी प्रसिद्ध झाली फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि तिच्यासाठी एक हजाराहून अधिक संशोधकांची मते विचारात घेण्यात आली.

मार्गदर्शिकेतील मागण्या ऐकायला साध्या आहेत. सुरुवात किती पेशींपासून किंवा किती मिलिलिटर द्रवापासून केली, ते सांगा. वेगळे काढण्याची पद्धत इतक्या तपशिलाने लिहा, की दुसऱ्याला ती तशीच करता यावी. पुटिकांच्या पडद्यात रुतलेले किमान एक प्रथिन आणि तिच्या पोटातील किमान एक प्रथिन नमुन्यात आहे, हे दाखवा. त्याचबरोबर अल्ब्युमिन किंवा लायपोप्रोटीनचे घटक यांसारखी सोबत येणारी भेसळ किती आहे, तेही तपासा आणि लपवू नका. एकेका पुटिकेचे निरीक्षण दोन भिन्न तत्त्वांवरच्या साधनांनी करा : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र आणि कणांची मोजणी, अशी जोडी. जन्मस्थान ठाऊक नसेल, तर ‘लहान पुटिका’, ‘मोठ्या पुटिका’ अशी आकार सांगणारी साधी नावे वापरा.

सर्वांत महत्त्वाची मागणी परिणामासंबंधीची आहे. नमुना पेशींवर टाकला आणि जखम लवकर भरली, एवढ्यावरून ते काम पुटिकांनी केले असे म्हणता येत नाही. सोबत आलेल्या मोकळ्या प्रथिनांचा तो प्रताप असू शकतो. म्हणून मात्रा वाढवल्यावर परिणाम वाढतो का, पुटिका काढून टाकलेल्या उरल्या द्रवानेही तेच होते का, पुटिकांचा पडदा फोडल्यावर काय होते, अशा उलटतपासणीच्या प्रयोगांचा आग्रह मार्गदर्शिका धरते. पुटिका किती शुद्ध आहेत यापेक्षा, जो दावा केला जात आहे त्याला पुरेल इतका पुरावा आहे का, हा तिचा खरा प्रश्न आहे.

अशा शिस्तीची ही पहिलीच वेळ नाही. हजारो जनुकांची एकाच वेळी नोंद घेणाऱ्या मायक्रोअ‍ॅरे तंत्रासाठी २००१ मध्ये आणि जनुकांच्या प्रती मोजणाऱ्या पीसीआर तंत्रासाठी २००९ मध्ये अशीच किमान माहितीची चौकट आखली गेली होती. नवे तंत्र हाती आले, की आधी उत्साहाची लाट येते, मग परस्परविरोधी निष्कर्षांचा ढीग साचतो आणि त्यानंतर हिशेब लिहिण्याची पद्धत ठरते. पुटिकांच्या शास्त्राने हाच रस्ता धरला. फरक एवढाच, की येथे हिशेब ठरत असतानाच बाजारही भरला.

निष्कर्ष ढासळले ते कोठे

निकषांविना काय होते याची उदाहरणे या क्षेत्राच्या इतिहासातच आहेत. रक्तातील सूक्ष्म आरएनए एक्सोसोममधून प्रवास करतात हे गृहीतक २००७ नंतर लोकप्रिय झाले. मात्र प्लाझ्मातील अशा आरएनएचा मोठा वाटा पुटिकांच्या बाहेर, प्रथिनांना चिकटून असतो, असे २०११ मध्ये दाखवले गेले. २०१४ मध्ये एका गटाने प्रत्यक्ष गणित मांडले आणि एखाद्या मुबलक सूक्ष्म आरएनएची एक प्रत सापडण्यासाठीसुद्धा सरासरी शंभराहून अधिक पुटिका धुंडाळाव्या लागतात, असा निष्कर्ष काढला. टपालाची थैली बहुतेक वेळा रिकामी निघत असेल, तर निरोप पोहोचतो कसा, या प्रश्नाला त्यामुळे तोंड फुटले. त्याआधीची गृहीतके खोटी ठरली असे नाही; पण ती पुन्हा तपासणे भाग पडले.

२०१९ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अधिक काटेकोर पद्धतींनी पुटिका वेगळ्या करून ‘सेल’ या नियतकालिकात त्यांची नवी झाडाझडती प्रसिद्ध केली. एक्सोसोमच्या पोटात असल्याचे सांगितले गेलेले दुपदरी डीएनए, त्याला गुंडाळणारी हिस्टोन प्रथिने आणि सूक्ष्म आरएनएशी निगडित असलेले आर्गोनॉट हे प्रथिन त्यांना अभिजात एक्सोसोममध्ये आढळले नाही. अनेक प्रबंध, अनेक प्रकल्प आणि काही पेटंट ज्या गृहीतकांवर उभी होती, त्यांच्या पायाची वीट गाळातील भेसळीची असावी, ही शक्यता त्यातून पुढे आली.

सर्वांत बोलके उदाहरण स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे. हा रोग उशिरा कळतो आणि कळल्यावर हाती वेळ थोडा उरतो. त्यामुळे रक्ताच्या थेंबातून तो आधी ओळखता आला, तर ते वरदानच. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ग्लिपिकन-१ हे प्रथिन अंगावर असलेल्या एक्सोसोमवरून हा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेतही जवळपास अचूक ओळखता येतो, असे सांगितले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे इतर गटांनी वेगवेगळ्या पद्धती वापरून पाहिले, तेव्हा हे प्रथिन एवढे निर्णायक ठरले नाही. पद्धती भिन्न, नमुने भिन्न, मोजणी भिन्न. त्यामुळे कोण बरोबर, याचा निवाडाही सरळ होईना. ज्या क्षेत्रात प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी असते, तेथे चूक सिद्ध करणेही तितकेच अवघड असते. निकषांची गरज नेमकी येथे कळते.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१७ मध्ये झालेल्या पाहणीने हे वास्तव आकड्यांत मांडले. २०१० ते २०१५ या काळातील १,२२६ शोधनिबंध आणि त्यांतील १,७४२ प्रयोग तपासले गेले. पुटिका काढण्याच्या पद्धतींत विलक्षण विविधता होती आणि प्रयोग पुन्हा करून पाहण्यास लागणारा तपशील बहुतेक ठिकाणी अपुरा होता. त्यातूनच ‘ईव्ही-ट्रॅक’ ही खुली नोंदवही सुरू झाली. संशोधकाने आपल्या प्रयोगाचा तपशील तेथे भरायचा आणि नऊ कसोट्यांपैकी किती पूर्ण केल्या, याचा गुणांक मिळवायचा, अशी ही व्यवस्था आहे.

प्रयोगशाळेतून रुग्णाकडे

संशोधनातील सैलपणा उपचारात उतरला, की प्रश्न प्रतिष्ठेचा न राहता सुरक्षिततेचा होतो. पुटिकांचा उपचारासाठी वापर करण्याची कल्पना निराधार नाही. मेसेन्कायमल पेशींचे उपकारक परिणाम त्यांनी सोडलेल्या पुटिकांमुळेही होतात, असे सिंगापूरच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांच्या हृदयविकारावरील प्रयोगांत दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतील गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण मेसेन्कायमल पेशींच्या पुटिकांनी वृद्ध उंदरांच्या रक्तजनक मूलपेशींची क्षमता सुधारल्याचे आढळले. अशा कामातूनच उद्याचे औषध निघू शकते.

मात्र प्रयोगशाळेतील शक्यता आणि रुग्णाला टोचण्याजोगे औषध यांच्यातील अंतर किती आहे, हे जर्मनीतील एसेनच्या अनुभवातून कळते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर परक्या पेशींनीच रुग्णाच्या शरीरावर हल्ला चढवण्याचा जो गंभीर विकार होतो, तो स्टिरॉइडलाही न जुमानणाऱ्या एका रुग्णावर तेथील डॉक्टरांनी अशा पुटिकांचा उपचार केला. त्याची लक्षणे सुधारल्याचे वृत्त २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी चार दात्यांच्या पेशींपासून पुटिका तयार करून त्यांची तुलना केली आणि त्यांतील एक निवडली, कारण चौघींचे गुणधर्म सारखे नव्हते. पुढे त्याच ठिकाणी उंदरांवर झालेल्या प्रयोगांतही स्वतंत्रपणे तयार केलेल्या पुटिकांच्या खेपांचा परिणाम वेगवेगळा आढळला. एकच पद्धत, तेच हात, तरी एक खेप गुणकारी आणि दुसरी निष्प्रभ! अशा स्थितीत बाटलीवर फक्त ‘एक्सोसोम’ असे लिहिलेले असेल, तर घेणाऱ्याला आत काय आहे याचा काहीही बोध होत नाही.

धोका केवळ निष्प्रभ ठरण्याचा नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर सूचना काढली. नेब्रास्का राज्यात एक्सोसोम असल्याचे सांगून विकलेली, मान्यता नसलेली उत्पादने दिलेल्या रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. एक्सोसोमच्या एकाही उत्पादनाला मान्यता दिलेली नाही, असे प्रशासनाने तेव्हा बजावले. त्यानंतर पाच वर्षांनी, २०२४ अखेरीसही, ती स्थिती बदललेली नव्हती. युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधनविषयक नियमांत तर मानवी पेशी, ऊती आणि त्यांच्यापासून मिळवलेले पदार्थ वापरण्यासच मनाई आहे. म्हणून अनेक उत्पादक वनस्पतींच्या पुटिकांकडे वळले. मात्र गुलाबाच्या पेशींतील कणांना ‘एक्सोसोम’ म्हणण्याला आधार काय, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

भारतात कायद्याची चौकट अगदीच नाही असे नव्हे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार, औषध म्हणून वापरायचे मूलपेशीजन्य उत्पादन ‘नवीन औषध’ ठरते आणि त्याला रीतसर परवानगी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर रक्तविकारांतील मान्य प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा उपचार चाचणीबाहेर करू नये, असे स्पष्ट केले आहे. मूलपेशींच्या नावाने चाललेल्या महागड्या ‘उपचारां’नी आशा लावून बसलेल्या कुटुंबांचे काय केले, हे या देशाने पाहिले आहे. पेशी नाहीत, फक्त पेशींचे ‘सार’ आहे, म्हणून नियम लागू नाहीत, असा पवित्रा आता पुटिकांबाबत घेतला गेला, तर तोच खेळ नव्या नावाने पुन्हा रंगेल.

आक्षेपांची बाजू

निकषांवर टीका करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी झटकून टाकता येणार नाही. शेकडो लेखकांनी मिळून लिहिलेला दस्तऐवज हा पुराव्यापेक्षा बहुमताचा कौल ठरण्याची भीती असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, कणमोजणीचे यंत्र, अतिवेगी सेंट्रिफ्यूज ही सारी साधने एका छताखाली असण्याचे भाग्य मोजक्या संस्थांना लाभते. भारतातील एखाद्या राज्य विद्यापीठातील विभागाने हे सर्व कोठून आणावे? शिवाय यादी हाती आली, की ती भरण्यालाच काम मानण्याची वृत्ती बळावते. तीन प्रथिनांच्या पट्ट्यांचे चित्र जोडले, चौकटीत खूण केली, म्हणजे दावा सिद्ध झाला, असे होत नाही.

यांतील पहिल्या दोन आक्षेपांना मार्गदर्शिकेच्या रचनेतच काही उत्तर आहे. ती कोणतीही एक पद्धत सक्तीची करत नाही आणि अमुक यंत्राविना प्रयोग बाद, असेही म्हणत नाही. नमुना फार थोडा असेल किंवा साधन उपलब्ध नसेल, तर ते तसे लिहावे आणि दाव्याची धार त्या मानाने कमी करावी, एवढेच तिचे म्हणणे आहे. तिच्या शेवटच्या दोन आवृत्त्यांमध्ये सुमारे पाच वर्षांचे अंतर पडले आणि दरम्यान मते बदलली, ती नोंदवली गेली. सामायिक उपकरण केंद्रांचा मार्ग भारतातही परका नाही. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्यावर कोणतीही यादी उतारा ठरू शकत नाही. तेथे परीक्षकाची आणि संपादकाची सदसद्विवेकबुद्धीच कामी येते.

मार्गदर्शिकेची खरी मर्यादा वेगळीच आहे. तिच्यामागे कायद्याचे बळ नाही. संघटनेचे नियतकालिक ती मागेल, काही दक्ष संपादक मागतील. पण शोधनिबंध छापण्यासाठी जागा आज हजारो नियतकालिकांत आहे. जाहिरातदाराला तर कोणत्याच नियतकालिकाची गरज नसते. म्हणजे जे आधीच प्रामाणिक आहेत, त्यांना निकष अधिक काटेकोर बनवतात आणि ज्यांना आवर घालायचा, ते त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

ही फट बुजवण्याचे काम संशोधकांच्या संघटनेवर सोपवून चालणार नाही. निधी देणाऱ्या संस्थांनी प्रकल्पाच्या प्रस्तावातच मोजमापाचा आराखडा मागितला आणि अहवालात त्याचा हिशेब घेतला, तर विद्यापीठांतील चित्र बदलू शकते. औषध नियंत्रकांनी पुटिकांच्या उत्पादनांसाठी ओळख, शुद्धता, मात्रा आणि खेपागणिक सारखेपणा यांची किमान कसोटी जाहीर केली, तर ‘एक्सोसोम’ या शब्दाचा व्यापारी मुलामा पुष्कळसा उतरेल. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणांनाही येथे काम आहे.

तोवर रुग्णाच्या हाती काही साधे प्रश्न उरतात. या बाटलीतील पुटिका कोणत्या पेशींच्या, कोणाच्या? त्या कशा वेगळ्या काढल्या आणि त्यांत आणखी काय आहे, हे कोणी तपासले? मागच्या खेपेइतकीच ही खेप गुणकारी आहे, हे कशावरून? हा उपचार मान्य चाचणीचा भाग आहे का, आणि असेल तर रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत? या प्रश्नांना विशेष ज्ञान लागत नाही. दुकानात तेल घेताना डब्यावरचा शिक्का पाहणारा ग्राहक एवढे नक्कीच विचारू शकतो. जेथे त्यांची उत्तरे लेखी मिळत नाहीत, तेथून सुई टोचून न घेता परतणेच शहाणपणाचे.

पेशीबाह्य पुटिकांच्या शास्त्राला भविष्य आहे, याविषयी जाणकारांत फारसे दुमत नाही. धूळ म्हणून झटकलेल्या कणांत शरीराची एक संपूर्ण संदेशव्यवस्था दडलेली असावी, हा गेल्या अर्धशतकातील विलक्षण शोधांपैकी एक आहे. त्याचे औषध होईल की त्याची पुन्हा धूळ होईल, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल. संशोधकांनी आपली फूटपट्टी सर्वांसमोर ठेवली आहे. ती हाती घेण्याची पाळी आता निधी देणाऱ्यांची, नियंत्रकांची आणि उपचारासाठी पैसे मोजणाऱ्यांची आहे.